कूलर ठेवून देण्याआधी घासा

मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद होतो. मागच्या वर्षी मी त्यातलं पाणी ओतलं, कूलर गच्चीवर नेऊन ठेवला आणि विसरलो. घासला नाही. भाद्रपदात धाकटीला डेंग्यू झाला, पाच दिवस दवाखान्यात काढले. नंतर आशाताई घर तपासायला आल्या, तेव्हा त्याच कूलरच्या तळात पावसाचं बोटभर पाणी होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

म्हणून यंदा सगळ्यात आधी कूलर. रिकामा केला म्हणजे झालं, असं समजू नका. डेंग्यूच्या डासाची मादी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. तेव्हा घासणी घ्या, चारही बाजू आणि कोपरे खरवडून काढा, उन्हात वाळवा, मग पाऊस लागणार नाही अशा जागी झाकून ठेवा. जुनं गवत काढून टाका. पुन्हा सांगतो, नुसतं ओतू नका, घासा.

टिपाडांचंही तेच. आमच्या लातुरात २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. ते दिवस काढलेल्या माणसाला साठवलेलं पाणी ओतून दे म्हटलं तर जिवावर येतं, मलाही येतं. म्हणून ओतू नका, वापरून संपवा. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि अंड्याचा डास व्हायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. नळाच्या आदल्या दिवशी टिपाड तळाला येऊ द्या, आतून घासा, मगच भरा. वर ठेवलेल्या पत्र्याच्या फटीतून डास सहज आत जातो. धोतराचं फडकं दोरीनं गच्च बांधा. हौद रिकामा होत नसेल तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा.

टायर, करवंट्या हे सगळ्यांना माहीत आहे. फ्रिजमागचा ट्रे मात्र बघा, तिथे कुणाचा हात जात नाही.

सांडपाण्यासाठी शोषखड्डा घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून उघड्या गटारी बंद केल्या, डास हटवले. पण गटार बंद केली म्हणून डेंग्यू टळला असं मानू नका. तो डास घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्या कूलरमध्ये, जो तुम्ही अजून घासलेला नाही.

मच्छरदाणी रात्री सगळेच लावतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. दुपारी झोपलेल्या लेकरावरही जाळी हवी. शाळेत जाताना पूर्ण बाह्या.

ताप आलाच तर फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नको. लगेच रक्त तपासा, पाणी-पेज देत राहा. ताप उतरला की आम्ही निर्धास्त झालो होतो, खरा धोका तेव्हाच असतो. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लेकरू मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.