स्थलांतर आणि शाळा यावर तुलनात्मक रिसर्च करताय? या चुका टाळा

एमएड-पीएचडीवाल्यांचे ड्राफ्ट वाचतेय गेली काही वर्षं, आणि ठाणे-नवी मुंबईवर काम करणारे बरेचसे पहिल्याच पायरीला अडकतात: स्थलांतरित म्हणायचं कुणाला?

पिसा, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी, तिच्या हिशोबात आईवडील दोघंही परदेशात जन्मलेले असतील तरच मूल स्थलांतरित. जर्मनीत ते चालतं, 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार आले, त्यांची मुलं त्यात बऱ्यापैकी येतात. आपण काय करतो, 'परदेश' खोडून 'परराज्य' लिहितो, आणि मग भिवंडीकडच्या वीटभट्टीवरची कातकरी पोरं डेटातून गायबच! कारण ती याच जिल्ह्यातली, नाहीतर शेजारच्या पालघर-रायगडची. उचल घेतलेली असते, दिवाळी झाली की आईबापांबरोबर भट्टीवर, पावसाच्या तोंडावर परत. मी एकदा जानेवारीत अशा एका पाड्यावरच्या शाळेत बसले होते, बाई हजेरी घेत होत्या, नाव पुकारलं की बाकीची पोरं एका सुरात "भट्टीवर!" म्हणायची. सात वेळा. पटावर मात्र सगळी हजर असल्यासारखी.

म्हणून नुसतं जन्मस्थळ विचारू नका. मागच्या वर्षी कुठल्या महिन्यात कुठे राहिलात आणि मूल कुठल्या शाळेत बसलं, हे महिनावार भरून घ्या. आणि माहिती गोळा करायची एकच फेरी करायची असेल तर प्लीज ऑगस्टमध्ये करू नका, तेव्हा सगळे घरीच असतात.

स्थलांतरितांचे मार्क स्थानिकांपेक्षा जास्त येतायत? खूश होण्याआधी कोडिंग, म्हणजे कुणाला कुठल्या गटात टाकलंय ते, तपासा. घोडबंदरच्या टॉवरमधला लखनौचा इंजिनिअर आणि तुर्भ्यात नाक्यावर उभा राहणारा जालन्याचा मजूर एकाच खान्यात पडलेत बहुतेक. कॅनडाचं उदाहरण देतानाही हाच घोळ होतो, तो देश शिक्षण-भाषा बघून पॉइंट देऊन बरीचशी माणसं निवडतो, तेव्हा त्यांच्या मुलांच्या मार्कांचं सगळं श्रेय शाळांना कसं देणार? आईवडिलांचं शिक्षण, काम, आणि हो, जात, हे व्हेरिएबल गाळू नका.

जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटली जातात. आपल्याकडे ही वाटणी बालवाडीपासूनच माध्यम आणि फी करते, त्यामुळे तुलना करायची तर त्या वाटणीची करा, सगळं खापर घरच्या भाषेवर नको.

आणि आरटीई 2009 चं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम 5 नुसतं कोट करून थांबू नका. आधीच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही हे बरोबर, पण आईला विचारा, शाळेत पहिली खेप कधी घातली आणि पोर वर्गात बसलं कधी. मधले दिवस मोजा.