ब्लोहोल वाढलेत? आधी वाळू तोला
बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, पावसाळ्यात ब्लोहोल (ओतलेल्या नगात वायूनं पडलेली भोकं) वाढले की साचे बनवणाऱ्या मोल्डरवर खापर फुटतं. ते चुकीचं आहे, आधी पुरावा गोळा करा. रिजेक्ट नगावर खडूनं भोकाची जागा, शिफ्ट आणि लॅडलचा, म्हणजे वितळलेला धातू ओतायच्या भांड्याचा, नंबर लिहा. भोकं लॅडलच्या पहिल्याच साच्यांत दिसली, तर लॅडल नीट तापवली होती का बघा. सगळीकडे असतील तर साच्याची वाळू तपासा. 50 ग्रॅम वाळू 105 अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. 48 ग्रॅम उरली म्हणजे ओल 4 टक्के. ग्रीन सँडला, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूला, साधारण 3 ते 4 टक्के पुरतात. त्यावर गेली की ओतताना वाफ कोंडते. मोल्डरलाही विचारा, तो कन्नडमध्ये सांगेल तरी नीट समजून घ्या. वाळू मुठीत दाबल्यावर कशी मोडते हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. ओल जास्त निघाली, तर मग फक्त पाणी कमी करा. त्याच दिवशी बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) आणि व्हेंट (वाफ बाहेर जायची छिद्रं) हेही बदललेत, तर दोष कशानं गेला ते कळणारच नाही.