भुवईवरचा वण आणि इंजेक्शनची घाई: या चुका टाळा

टाके निघून तीन आठवडे झाले की आरशाशी भांडण सुरू होतं. माझ्या मावशीचंही तेच झालं. वयामुळे तिच्या भुवया उतरून पापण्यांवर भार येत होता, म्हणून भुवईच्या अगदी वरच्या कडेला छेद घेऊन त्या उचलून घेतल्या. सहाव्या दिवशी टाके काढले तेव्हा रेघ केसासारखी बारीक होती. महिन्याभरात तीच रेघ लाल, कडक आणि जराशी फुगीर दिसायला लागली. मावशीचा निकाल तयार: "काहीतरी बिघडलंय. डाग घालवायचं इंजेक्शन असतं ना, ते घेऊन टाकते."

बिघडलं काहीच नव्हतं. जखम सांधताना शरीर आधी घाईघाईने कोलॅजेन, म्हणजे कातडी बांधून ठेवणारं प्रथिन, भरतं आणि मग महिनोन्‌महिने तेच मोडून नीट रचत बसतं. म्हणून वण साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात वाईट दिसतो, नंतर फिकट आणि मऊ होत जातो. पुरता मुरायला वर्ष, कधी दीड वर्षही लागतं. नुसती लाल पण सपाट रेघ असेल तर सुईची गरज नाही. उलट दोन महिन्यांनंतरही वण जाड होत चालला असेल, खाजत किंवा टोचत असेल, तर "वर्षभर थांबू, जाईल आपोआप" म्हणणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक. ताजा फुगीर वण औषधाला लवकर दाद देतो, जुना हट्टी असतो.

"इंजेक्शन" म्हणजे नेमकं कोणतं?

बहुतेक घोळ इथेच होतो. वणासाठी दिली जाणारी औषधं वेगवेगळी आहेत आणि एकाचं काम दुसरं करत नाही. आधी बघायचं ते वणात दोष काय आहे: फुगलाय, ताणून रुंद झालाय, खोल गेलाय की नुसता काळा पडलाय?

फुगलेल्या वणासाठी ट्रायअ‍ॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड वापरतात. ते जादा कोलॅजेन कमी करतं. ते सपाट किंवा काळ्या डागात टोचून घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणं: त्वचा पातळ होते, खड्डा पडतो, बारीक लाल शिरा दिसू लागतात आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पांढरट ठिपका उठतो. तो भरून यायला कित्येक महिने जातात. भुवईचे केस विरळ होण्याचा धोका वेगळाच. म्हणून चेहऱ्यावर औषध पातळ करून, थोडंसंच, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात. "एकदाच जास्त द्या, मला परत यायचं नाही" असा आग्रह धरू नका. औषध वणाच्या आतच जायला हवं. तिथे सुईला अडथळा जाणवतो. ती सहज सरकली तर औषध बहुधा खालच्या चरबीत गेलं, आणि खड्डे असेच पडतात. मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर काही दिवस वाढू शकते.

स्टेरॉइड एकट्याने भागत नसेल तर काही डॉक्टर त्यात फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळतात. गरोदर असाल किंवा तसा बेत असेल तर ते चालत नाही, हे न विचारताही सांगावं.

बोटॉक्सचं गणित उलटं

स्टेरॉइडला थांबावं लागतं, तर बोटुलिनम टॉक्सिनला, म्हणजे लोकांच्या तोंडच्या बोटॉक्सला, उशीर चालत नाही. कपाळाचे स्नायू दिवसभर आठ्या घालतात आणि ताज्या जखमेच्या कडा ओढत राहतात. त्या ओढीने वण रुंद होतो. स्नायू तीन-चार महिने शांत ठेवला तर कडा निवांत जुळतात. मेयो क्लिनिकच्या पत्रिकेत २००६ साली कपाळावरच्या जखमांचा एक अभ्यास छापून आला. त्यात जखम शिवल्यावर २४ तासांच्या आत हे औषध दिलं होतं आणि वण अधिक चांगले दिसले. सहा महिन्यांच्या रुंद वणासाठी बोटॉक्स मागितलं तर ती रेघ काही परत आवळली जाणार नाही. त्यामुळे हा विषय शस्त्रक्रियेच्या आधीच काढायला हवा.

आणखी एक गोम आहे, जी भुवई उचलून घेतलेल्यांनी नक्की विचारावी. भुवई वर धरणारा स्नायू कपाळाचाच. तोच जास्त ढिला पडला तर भुवई पुन्हा खाली येते, म्हणजे पैसे मोजून उचललेलं परत उतरलं. "कोणत्या स्नायूत देणार आहात?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. टोचल्यावर काही तास तिथे चोळू नका. औषध पसरून पापणीही लोंबू शकते.

खोल गेलेल्या वणात फिलर, म्हणजे खड्डा भरून काढणारं जेलसारखं औषध, टोचतात, पण वण मुरल्यावर. दोन भुवयांमधली जागा आणि कपाळ फिलरसाठी चेहऱ्यावरच्या सर्वांत धोक्याच्या जागांपैकी आहेत, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या असतात. औषध चुकून वाहिनीत शिरलं तर दृष्टी जाऊ शकते. हे क्वचित घडतं, स्टेरॉइडनेही घडल्याची नोंद आहे. टोचताना किंवा नंतर एकदम तीव्र वेदना झाली, कातडी पांढरी पडली, अंधुक दिसू लागलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी डॉक्टरांना गाठायचं.

म्हणूनच ब्यूटी पार्लरमध्ये सुई टोचून घेऊ नका, ऑफर कितीही गोड असो. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बघा. कोणतं औषध, किती ताकदीचं, किती दिलं, हे केसपेपरवर लिहून घ्या. पुढचा डॉक्टर त्यावरच ठरवणार असतो.

सुईच्या कष्टावर पाणी फिरवणाऱ्या गोष्टी

काळेपणावर वरची इंजेक्शनं चालत नाहीत, तिथे उन्हापासून बचाव हाच मोठा उपाय. रंगछटा असलेलं सनस्क्रीन घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉन जेल दोन-तीन महिने नेमाने लावा. लिंबू नको, त्याने कातडी भाजते आणि डाग आणखी गडद होतो. थ्रेडिंग सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. चिकट टिकलीच्या गोंदाने काहींना खाज येते, पांढरे डागही पडतात, म्हणून वणाजवळ ती नकोच.

तंबाखूचं मात्र कोणी बोलत नाही. "सिगारेट ओढता का?" असं विचारलं की आपल्याकडच्या बायका प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात आणि मशेरीचा उल्लेखच होत नाही. निकोटिन ते निकोटिन. रक्तवाहिन्या आक्रसतात आणि जखम उशिरा भरते.

मावशीचा वण सातव्या महिन्यात पावडरखाली लपतो. फक्त भुवईच्या शेपटीजवळ एक तांदळाएवढी गाठ राहिली होती, तिला स्टेरॉइडचे दोन छोटे डोस पुरले. मशेरी तिने टाके काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू केली होती, हे डॉक्टरांना अजून ठाऊक नाही.