रिसीव्हर घेताय? खोक्यावरचे वॅट नंतर पाहा, आधी घरची लाईन पाहा (या चुका टाळा)

आपल्याकडे होम थिएटरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, किती वॅटचं आहे भाऊ? ही सवय लावली ती असेंबल केलेल्या डब्यांनी, समोर ५००० वॅट पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) असं चमचम स्टिकर आणि मागे पाहिलं तं फ्यूज २ अँपियरचा. आता २ अँपियर म्हणजे २३० व्होल्टवर आत जाणारी वीजच ४६० वॅट, मंग बाहेर ५००० येणार कुठून बाप्पा?

बरं कंपनीचा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर वाजवणारा डबा, घेतला म्हणून हा घोळ संपत नाही, तो फक्त जरा सभ्य होते. मी बोलतोय ते मिड रेंजबद्दल, म्हणजे साधारण ५० हजारापासून लाखाच्या आतबाहेर जाणारे ७ चॅनलचे (७ स्पीकर वाजवणारे) डेनॉन, यामाहा, ओन्क्यो, सोनी वगैरे, कापसाच्या हिशोबात मोजलं तं ८-१० क्विंटल गेले समजा. त्यामुळे घेण्याआधी जरा डोकं खाजवलेलं बरं.

वॅटचा आकडा वाचताना होणारी चूक

खोक्यावर मोठ्या अक्षरात १४०-१५० वॅट असते, त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असते की हे मोजलं ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्झवर, एकच चॅनल चालू ठेवून आणि डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) १ किंवा चक्क १० टक्के होऊ देऊन. तुमच्या कामाची ओळ दुसरी असते, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, २ चॅनल चालू, डिस्टॉर्शन ०.०६ किंवा ०.०८ टक्के. तिथं त्याच डब्याचे ८०-९० वॅट निघतात आणि ते पुरतातही. दोन मॉडेलची तुलना करायची तं ह्याच ओळीची करा, नाही तं एकाचे मोठे आकडे आणि दुसऱ्याचे खरे आकडे समोरासमोर ठेवून तुम्ही खऱ्यालाच कमी ठरवाल.

आणि ८० वॅटचा की १०० वॅटचा यावर दुकानात अर्धा तास भांडणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, त्या २० वॅटनं आवाज वाढते फक्त १ डेसिबल. कानाला कळेल न कळेल एवढा. दुप्पट वॅट केले तं ३ डेसिबल. उलट ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठ्यानं वाजतो त्याचं माप) जागी ९० चा स्पीकर घेतला की तेच ३ डेसिबल फुकटात मिळाले, रिसीव्हरला हातही न लावता. त्यामुळे वरच्या मॉडेलसाठी १५-२० हजार जास्त मोजायचे असतील तं ते स्पीकरवर टाका, त्यातही सेंटर स्पीकरवर, कारण बहुतेक डायलॉग तिथूनच येतात.

दुकानातला डेमो

नागपूरच्या सीताबर्डीत नाही तं अमरावतीत जाऊन ऐकणार असाल तं जरूर जा, पण तिथं काय ऐकवतात ते समजून ऐका. एसी रूम, खाली गालिचा, भिंतीला पॅनल, आणि रिसीव्हर ७० हजारचा तं स्पीकर ३ लाखाचे. त्यावर लावतात काचा फुटायचा आणि हेलिकॉप्टरचा सीन. अशा खोलीत काहीही भारी वाटते. वरून दोन रिसीव्हर आलटूनपालटून लावताना एकाचा आवाज थोडा जरी जास्त असला तरी आपल्या कानाला तोच सरस वाटते, सगळ्यांनाच वाटते, सेल्समनलाही हे माहीत असते. मोबाईलवर डेसिबल मीटरचं ॲप टाकून दोन्हीचा आवाज सारखा करायला लावा आणि मंग ऐका. तुमच्याच बजेटचे स्पीकर जोडायला सांगा. आणि स्वतःचं काहीतरी न्या, एखादं भजन, ढोलकी, माणसं नुसतं बोलतायत असा एखादा प्रसंग, जे तुम्ही शंभरदा ऐकलेलं आहे आणि कुठं काय वाजते ते तोंडपाठ आहे.

आता खरा मुद्दा, लाईन

रिव्ह्यूवाले हे सांगत नाहीत कारण त्यांच्या घरी २३० म्हणजे २३० च असते. आपल्याकडे हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या टायमाला वावरातल्या सगळ्या मोटरी एकदम लागल्या की घरात १७०-१८० व्होल्ट येतात, मोटरी बंद झाल्या की तेच २५० च्या वर चढते. अशात रिसीव्हर मधेच टक टक करून बंद पडतो आणि लोक म्हणतात पीस खराब निघाला. आधी २०० रुपयांचा डिजिटल मीटर सॉकेटमध्ये लावून आठवडाभर सकाळ संध्याकाळ आकडा पाहा, मंगच पीसला दोष द्या.

स्टॅबिलायझर लागतोच, पण टीव्हीसोबत मिळालेला १.५ अँपियरवाला नको. तो जेमतेम ३४५ व्हीए चा असतो आणि त्यावर तुम्ही टीव्ही, सेटटॉप बॉक्स, सबवूफर (बासचा स्पीकर) आणि ४००-५०० वॅट ओढू शकणारा रिसीव्हर सगळं टांगणार. १ केव्हीएच्या (१००० व्हीए) आसपासचा घ्या, आणि त्याला हाय कट असला पाहिजे म्हणजे व्होल्टेज एका हद्दीच्या वर गेलं की पुढचा सप्लाय बंद. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला तं घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळपासही येऊ शकते, आणि त्यावेळी ती ३०० रुपयांची स्पाइक गार्डची पट्टी काहीच करत नाही, ती क्षणभराच्या झटक्यासाठी असते, तासभर टिकणाऱ्या ४०० व्होल्टसाठी नाही.

इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तं तो प्युअर साईन वेव्ह आहे का पाहा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, गरम होतो आणि स्पीकरमधून भुर्र्र असा आवाज येते.

अर्थिंगचं तं बोलूच नका. बऱ्याच घरात थ्री पिन सॉकेट असते पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते. डब्याच्या मागच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तं रिसीव्हर वापस करायला धावू नका, आधी वायरमनला बोलवून अर्थिंगचा खड्डा करून घ्या. स्पीकरमधून नुसती घूंऽऽ (म्हणजे हम) असेल तं एकेक वायर काढत जायचं, सगळ्यात आधी डिशच्या छत्रीची केबल, कारण बाहेरून येणारी ती वायर जमिनीचा दुसरा रस्ता तयार करते आणि त्यातून हम शिरतो. मंग सबवूफर आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर घ्या. पण हम जावा म्हणून प्लगची अर्थिंगची मोठी पिन कापणारे जे शहाणे असतात त्यांना हात लावू देऊ नका.

आणि हो, कुणाचा जावई अमेरिकेतून स्वस्तात आणतो म्हणाला तं आधी विचारा, १२० व्होल्टचा आहे का. तिथले असेच असतात. इथं सरळ लावला तं गेला, आणि इथली वॉरंटीही नाही.

ऊन, कूलर आणि छत

बऱ्याच रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये चालवायचं तापमान ५ ते ३५ डिग्री लिहिलेलं असते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, टिनाखालच्या खोलीत काय होत असेल सांगायची गरज नाही. त्यात आपण तो डबा शोकेसच्या काचेमागे ठेवणार, वर सेटटॉप बॉक्स, त्यावर क्रोशाचा रुमाल. वर निदान एक वीत जागा मोकळी ठेवा, काच काढून टाका. कूलरच्या झोताखाली ठेवायचा मोह होते, तेही नको, ती हवा ओली असते.

कूलरचा अजून एक घोळ म्हणजे सेटिंग. रिसीव्हरसोबत छोटा माईक येतो, तो खोलीत आवाज सोडून सगळं मोजून घेतो, ऑडिसी नाही तं वायपीएओ असं काही नाव असते. कूलर पंखा चालू ठेवून हे केलं तं एक तं ‘आवाज जास्त आहे’ म्हणून एरर येतो किंवा काहीतरी भलतंच मोजलं जाते. पहाटे करा, सगळं बंद करून. माईक स्टँडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीला, दिवाणावर टेकवून नाही आणि हातात धरून तं अजिबात नाही. झाल्यावर मेनूत जाऊन पाहा, कित्येकदा तो स्पीकरला ‘लार्ज’ ठरवून मोकळा होते, त्याला ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडं जाते तो आकडा) ८० हर्ट्झ ठेवा, अगदीच चिमुकले स्पीकर असतील तं १०० ते १२०. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तं ते तसंच राहू द्या, सबच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असते.

एक गोष्ट फक्त आपल्याकडंच होते. भाव यायची वाट पाहत हॉलच्या अर्ध्या भागात कापूस भरून ठेवलेला असते, त्यावेळी सेटिंग केलं तं आवाज एकदम गोड येते, कारण एवढा कापूस घुमणारा आवाज पिऊन टाकतो, शहरात लोक यासाठी पैसे मोजून पॅनल लावतात राजेहो. मंग फेब्रुवारी-मार्चमध्ये कापूस विकला, खोली रिकामी झाली आणि आवाज घुमायला लागला की फोन सुरू, रिसीव्हर बिघडला. बिघडलं काही नाही, माईक लावून पुन्हा मोजा आणि एखादी जाड सतरंजी टाका.

ॲटमॉसचंही (डॉल्बीचा डोक्यावरूनही येणारा आवाज) तसंच. स्पीकरच्या डोक्यावर ठेवायचे जे वर तोंड करणारे स्पीकर येतात ते आवाज छतावर आपटवून खाली आणतात, त्यासाठी छत सपाट आणि टणक पाहिजे, स्लॅबचं असेल तं उत्तम. उताराचं कवेलूचं घर असेल किंवा टिनाचं, तं आवाज भलतीकडंच जाते आणि टिन वरून थरथरते ते वेगळं. तिथं मयालीला (छताच्या लाकडाला) खालच्या तोंडानं दोन छोटे स्पीकर टांगा नाही तं सरळ ५.१ वर (५ स्पीकर आणि एक सबवूफर) समाधानी राहा, पैसे वाचतील.

आवाजच येत नाही, किंवा दोनच स्पीकर वाजतात

टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडं पाठवायची सोय) लिहिलंय त्यातच वायर घाला, दोन्हीकडं सीईसी (दोन डब्यांनी एचडीएमआयवरून एकमेकांना चालवायची सोय) चालू करा, टीव्हीचा डिजिटल आऊट पीसीएम वरून काढून ऑटो किंवा पास थ्रू करा, बहुतेक तक्रारी इथंच संपतात. साध्या एआरसीवरही नेटफ्लिक्सचा ॲटमॉस येते, मात्र प्लॅन प्रीमियम पाहिजे. छत्रीच्या बऱ्याच चॅनलवर मुळात स्टिरिओच येते, त्यासाठी रिमोटवरून डॉल्बी सराऊंड मोड लावा. सेकंडहँड २०२० चं मॉडेल मिळत असेल आणि पोरांना एक्सबॉक्स सीरिज एक्स ४के १२० वर खेळायचा असेल तं जपून, त्या वर्षीच्या काही डेनॉन, यामाहा रिसीव्हरमधली एचडीएमआय २.१ ची चिप तिथं काळा पडदा दाखवायची, कंपन्यांना नंतर ॲडॅप्टर द्यावे लागले नाही तं बोर्ड बदलावे लागले. त्या पीसचं ते काम झालंय का विचारा.

आवाज येते पण पोकळ, बास गायब? एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली असेल.

लाल लाईट लुकलुकून डबा बंद होत असेल तं तो प्रोटेक्शनमध्ये गेला, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद झाला, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. प्लग काढा, सगळ्या स्पीकर वायरी काढा, मंग नुसता डबा चालू करा. चालू राहिला तं दोष वायरीत, कुठंतरी तांब्याचा एखादा केस शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असते किंवा उंदरानं मधे कुरतडलेलं असते. वायरी काढूनही बंद पडत असेल तं मात्र घरी खोलू नका, सर्व्हिस सेंटर. ते बहुतेक नागपूरलाच असते, म्हणून खोका आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा, १० किलोच्या आसपासचा डबा एसटीत पोत्यात बांधून नेला तं मागचे टर्मिनल रस्त्यातच तुटतात आणि मंग ते वॉरंटीत बसत नाही.