हिरव्या मिरचीतला डुकराच्या मटणाचा रस्सा

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका गोव्याला लागून असल्याने आमसुलाचा आंबटपणा आणि हिरव्या मिरचीचा तिखटपणा या रश्श्यात सहज एकत्र येतो. 1 किलो मटण खांद्याचे आणि चरबीसह घ्यावे. निव्वळ लाल मांस कोरडे पडते. तुकड्यांना हळद व मीठ चोळून अर्धा तास ठेवावे.

12 हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, 12 लसूण पाकळ्या, आले, जिरे आणि 8 मिरी यांचे वाटण करून त्याचे दोन भाग करावेत. जाड बुडाच्या पातेल्यात आधी चरबीचे तुकडे मंद आचेवर परतावेत, म्हणजे वेगळे तेल लागत नाही. त्यातच 2 कांदे, वाटणाचा पहिला भाग व उरलेले मटण परतून, गरम पाणी घालून, झाकण ठेवून सुमारे सव्वा तास शिजवावे. येथे घाई मुळीच करू नये, कारण चिवट धागे मऊ व्हायला वेळच लागतो.

मटण पूर्ण शिजल्यावर 5 आमसुले आणि उरलेले वाटण घालून 10 मिनिटे उकळावे. वाटणाचा हा भाग शेवटी घातल्यानेच ताज्या मिरचीचा वास टिकतो. सोबत जोंधळ्याची भाकरी किंवा भात वाढावा.