फुई की इबा? तोंडी परीक्षेआधीची तयारी

स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेला जाण्याआधी एक क्रियापद तरी पक्कं हवं: 'ईर', म्हणजे जाणं. परीक्षा डेलेची, म्हणजे स्पॅनिशच्या अधिकृत प्रमाणपत्राची असो की क्लासमधली, "सुट्टीत काय केलंत?" हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. आणि उत्तराची सुरुवात बहुतेक वेळा 'गेलो' नाहीतर 'गेले'नेच होते.

म्हणून आधी त्याची दोन्ही भूतकाळांतली रूपं मोठ्यानं म्हणून पाठ करा. एकदा घडून संपलेल्या गोष्टीसाठी इंदेफिनिदो: फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. चालू असलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी इम्पेर्फेक्तो: इबा, इबास, इबा, इबामोस, इबाइस, इबान. क्रम मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते असा. पाचवं रूप स्पेनमधलं आहे, लॅटिन अमेरिकेत ते वापरत नाहीत, पण ऐकताना ओळखता यायला हवं. 'सेर' म्हणजे असणं, त्याची इंदेफिनिदोतली रूपं हुबेहूब हीच आहेत. गोंधळू नका. 'फुए'च्या पुढे 'आ माद्रिद' आलं की तो माद्रिदला गेला, 'मेदिको' आलं की तो डॉक्टर होता. इम्पेर्फेक्तोत नियम मोडणारी क्रियापदं फक्त ३ आहेत: ईर, सेर आणि बेर (पाहणं). ती एका संध्याकाळी होतात.

खरा वेळ द्यायचा तो कुठे कोणतं रूप घ्यायचं यावर. वहीत दोन रकाने आखा आणि उदाहरणं मराठीतच लिहा. इंग्रजीतलं 'वेंट' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे इंग्रजीवरून स्पॅनिशकडे गेलेला माणूस इथेच अडकतो. मराठीत हा फरक आपण रोज करतो. "लहानपणी आम्ही दर मे महिन्यात आजोळी जायचो": इबामोस. "गेल्या मे महिन्यात आम्ही आजोळी गेलो": फुइमोस. "पोचलो तेव्हा पाऊस पडत होता": कुआंदो येगे, योबिया. 'साबेर'चं 'साबिया' म्हणजे माहीत होतं, 'सुपे' म्हणजे कळलं. 'कोनोसिया' म्हणजे ओळखत होतो, 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांची ही यादी पुस्तकांत वेगळी देतात. मराठी माणसानं ती घोकू नये, नुसतं मनात मराठी वाक्य म्हणून पाहावं.

पण मराठी जिथे फसवते त्या जागांवर लाल खूण करून ठेवा. "मी ३ वर्षं नागपूरला राहत होतो" हे आपल्याला सहज वाटतं, आणि लगेच 'बिबिया' तोंडात येतं. स्पॅनिश तिथे 'बिबी' म्हणते, कारण ३ वर्षं म्हटल्यावर तो काळ मोजून बंद झाला. ही चूक माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांकडूनही होते, म्हणून अशी निदान १० वाक्यं करून पाहाच. दुसरी जागा कर्माची. आपण आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले म्हणतो. स्पॅनिशमध्ये खाणारा 'मी' असेल तर तिन्ही वेळा 'कोमी'च. आणि गेलो-गेले हा भेद तिथे नाही, बाई असो की पुरुष, 'फुई'.

मग कान तयार करा. मराठीत शब्दातला जोर इकडेतिकडे झाला तरी अर्थ हलत नाही, तिथे हलतो. 'आब्लो'मध्ये 'आ'वर जोर दिला तर मी बोलतो, 'ब्लो'वर दिला तर तो बोलला. रेकॉर्ड करून स्वतःचं ऐका. उलट 'तेनेर' (जवळ असणं) याचं तुबे-तुबो, 'एस्तार' (कुठे किंवा कसं असणं) याचं एस्तुबे-एस्तुबो, 'आसेर' (करणं) याचं इसे-इसो यांत जोर शेवटी जात नाही. 'देसीर' (सांगणं) याचं 'ते'चं रूप 'दिख़ेरोन' आहे, 'दिख़िएरोन' नव्हे.

लेखी पेपर असेल तर 'आब्लो' म्हणजे बोलला, यात शेवटच्या स्वरावर चिन्ह हवं. फुई आणि फुए यांवर नको. रिआल आकादेमिआ या स्पॅनिश भाषेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या १९५२च्या नव्या नियमांनी ते काढलं आणि १९५९पासून ते नियम बंधनकारक झाले. जुन्या छापील पुस्तकात ते चिन्ह दिसेल, तिथून उतरवून घेऊ नका.

काळ सांगणारे शब्द जिभेवर असू द्या: आयेर (काल), आनोचे (काल रात्री), एल आन्यो पासादो (गेल्या वर्षी) आले की बहुधा इंदेफिनिदो, सिएम्प्रे (नेहमी), तोदोस लोस दिआस (रोज), दे निन्यो (लहानपणी) आले की बहुधा इम्पेर्फेक्तो. बहुधा म्हणतोय, कारण "ती नेहमीच माझ्या पाठीशी उभी राहिली" असं एखाद्याच्या संपलेल्या आयुष्याबद्दल बोलताना 'सिएम्प्रे'बरोबरही इंदेफिनिदो येतो.

शेवटी खरोखर केलेल्या एका प्रवासाची ८-१० वाक्यं बांधा. हवा कशी होती, गाडीत कोण होतं, रस्ता कसा दिसत होता हे इम्पेर्फेक्तोत. मग काय घडलं ते इंदेफिनिदोत. पाठ करू नका, दर वेळी वेगळ्या वाक्यापासून सुरुवात करा. आदल्या रात्री घरातल्या कुणालातरी तोच प्रवास आधी मराठीत सांगा आणि लगेच स्पॅनिशमध्ये.