केक करायला घेण्याआधी ओट्यावर काय काय मांडून ठेवावं

बेकिंग पावडर ओली झाली की तिच्यातला थोडा गॅस लगेच सुटायला लागतो आणि उरलेला ओव्हनच्या उष्णतेनं सुटतो. मिश्रण तयार झाल्यावर भांड्याला कागद लावायचा राहिलाय किंवा ओव्हन अजून थंडच आहे असं लक्षात आलं, तर तेवढ्या वेळात केकचं फुगणं वाया जात असतं. म्हणून पहिल्यांदा केक करताना बीटर हातात घ्यायच्या आधी सगळं समोर तयार हवं. ही तयारी निदान तासभर आधी सुरू करा, कारण बटर आणि अंड्यांचा गारवा जायला तेवढा वेळ लागतो.

साध्या व्हॅनिला केकसाठी 150 ग्रॅम मैदा, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, 115 ग्रॅम बिनमिठाचं बटर, 150 ग्रॅम साखर, 2 मोठी अंडी, 90 मिलिलिटर दूध आणि एक चहाचा चमचा व्हॅनिला इसेन्स एवढं लागतं. चमचा म्हणजे 5 मिलिलिटरचा मापाचा चमचा, डब्यात सापडेल तो नव्हे. बेकिंग पावडर सुरीच्या पाठीनं सपाट करूनच घ्या. अंडी नको असतील तर बिनअंड्याची वेगळी कृती शोधा. याच मापातून नुसती अंडी वगळली तर केक धरत नाही.

वजनकाटा असेल तर तोच वापरा. कपानं मैदा मोजताना तो डब्यात खुपसून भरला तर एका कपात 150 ग्रॅमपर्यंत मैदा बसतो, आणि चमच्यानं हलका भरून वरून सपाट केला तर साधारण 125 ग्रॅम. एवढ्या फरकानं केक कोरडा आणि घट्ट होतो, आणि दोष मात्र ओव्हनला दिला जातो.

बटर फ्रीजमधून काढल्या काढल्या त्याचे सेंटीमीटरभराचे तुकडे करून ताटलीत पसरून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासानं एका तुकड्यावर बोट दाबून बघा. बोट सहज आत जावं, खड्डा तसाच राहावा आणि बोटाला तेल लागू नये. तुकडा चकाकायला लागला असेल तर तो जास्त मऊ झालाय, दहा मिनिटं परत फ्रीजमध्ये ठेवा. घाईनं मायक्रोवेव्हमध्ये मऊ करू नका, कारण तिथं ते आतून वितळतं. वितळलेल्या बटरमध्ये हवा टिकत नाही, आणि या केकचा हलकेपणा बटर-साखर फेटताना अडकलेल्या हवेवरच उभा असतो. साखरही त्यासाठीच बारीक दाण्याची हवी. दाणे जाड असतील तर मिक्सरमध्ये दोन-तीनदा क्षणभर फिरवा, पण पीठ करू नका. दाण्यांच्या कडा बटर कापत जातात आणि तिथं हवा शिरते.

अंडीही बटरबरोबरच बाहेर काढा. विसरलात तर सालासकट कोमट पाण्यात 5 ते 10 मिनिटं ठेवा. गार अंडं फेटलेल्या बटरमध्ये पडलं की बटर आवळतं, पाणी सुटतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. तसं झालंच तर चाळलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा मैदा घालून फेटा, सावरतं. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, म्हणजे खराब अंडं किंवा सालाचा तुकडा मिश्रणात जाणार नाही. दूधही फ्रीजचं गार नको.

बेकिंग पावडरच्या डब्यावरची तारीख बघा, तरीही अर्धा चमचा पावडर पाव कप गरम पाण्यात टाकून खात्री करा. जोरात फसफसली तर ठीक, दोन-चार बुडबुडे येऊन थांबली तर नवी आणा. मग मैदा, पावडर आणि मीठ एकत्र दोनदा चाळून ठेवा. पावडरची गुठळी राहिली तर तिथं मोठं भोक पडतं आणि घास कडवट लागतो.

भांडं 18 सेंटीमीटर व्यासाचं, निदान 6 सेंटीमीटर उंचीचं घ्या. मिश्रण त्यात साधारण अर्ध्यापर्यंत येतं, वरची जागा फुगायला लागते. 20 सेंटीमीटरचं घेतलंत तर केक चपटा होईल आणि लवकर भाजेल. भांडं बेकिंगच्या कागदावर (बटर पेपरवर) ठेवून पेन्सिलीनं गोल काढा, कापा, तळाला आणि कडांना बटर लावून कागद बसवा. कडांवर मैदा भुरभुरवून जास्तीचा झटकून टाका.

ओव्हनची जाळी तो थंड असतानाच मधल्या खाचेत लावा. 180 अंश सेल्सिअसवर 15 ते 20 मिनिटं तापवायचा, पंख्याचा ओव्हन असेल तर 160. नुसत्या मायक्रोवेव्हवर हा केक होत नाही, कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेनं भाजायची, सोय हवी. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान पुष्कळदा जुळत नाही, त्यामुळे आत ठेवायचा छोटा तापमापक घेतलात तर फार उपयोगी पडतो. आत जास्त तापलं की वरची साय आधी धरते आणि मधला भाग ती फोडून वर येतो.

ओव्हन लावला की फेटायला घ्या. बटर-साखर बीटरनं 4-5 मिनिटं, रंग फिकट होईपर्यंत. हातानं फेटणार असाल तर दुप्पट वेळ धरा. अंडी एकेक करून आणि दुसऱ्या अंड्याबरोबर इसेन्स. मग बीटर बाजूला ठेवून स्पॅट्युला घ्या. मैदा तीन वेळा आणि दूध मध्ये दोनदा, हलक्या हातानं. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. पुढे ढवळत राहिलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि केकमध्ये लांबट बोगदे पडतात.

भाजायला 35 ते 40 मिनिटं लागतात. पहिली 25 मिनिटं दार उघडू नका, मधला भाग तेव्हा ओला असतो आणि गार हवेनं बसतो. वरून लवकर लाल व्हायला लागला तर त्यानंतर फॉइल सैल झाकता येईल, तोही तुकडा कापून ठेवलेला असावा. मधोमध टूथपिक घालून बघा. ओलं मिश्रण लागलं तर आणखी 5 मिनिटं, एखाददुसरा कोरडा कण चालतो.

बाहेर काढण्यापूर्वी ओट्यावर तारेची जाळी आणि पातळ सुरी हवी. भांड्यातच 10 मिनिटं ठेवून कडेनं सुरी फिरवा, जाळीवर उलटा करा, कागद काढा. भांड्यातच राहिला तर वाफेनं तळ ओलसर होतो, आणि लगेच काढला तर तुटतो. क्रीम लावायचं असेल तर पूर्ण गार व्हायला निदान दीड-दोन तास धरा, कोमट केकवर ते वितळून ओघळतं.